पाखऱ्याचा अस्सल कोयता

माझ्या कोल्हापूरच्या घरमालकांना आयुष्यात कुणीही कधी फसवू शकलं नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं मत. मालकीणबाईंचं, म्हणजे काकींचं मत वेगळं होतं, पण ते त्या भांडी घासताना भांड्यांनाच सांगत.

बदलीवर कोल्हापुरात येऊन मी मंगळवार पेठेत त्यांच्या पिठाच्या गिरणीवरची खोली भाड्यानं घेतली, त्याच आठवड्यात त्यांनी एक कलिंगड आणलं. टिचक्या मारून, कान लावून, विकणाऱ्याला चार शब्द सुनावून आणलेलं. कापलं तर आतून पांढरंफटक. काकींनी त्यांच्याकडं बघितलं, मी छताकडं बघितलं. मालकांनी शांतपणे एक फोड उचलली, मीठ लावून खाल्ली आणि म्हणाले, "पावणं, लाल कलिंगड काय, कोण बी आणतंय. पांढरं पित्ताला बेस असतंय. मुद्दाम बघून आणलंय." आणि ते अख्खं कलिंगड त्यांनी एकट्यानं संपवलं, कारण आम्हा दोघांना पित्त नव्हतं.

देवगडचा हापूस म्हणून आणलेल्या पेटीत आंब्यांखाली कानडी वर्तमानपत्र निघालं, तेव्हा मला वाटलं आता तरी माणूस सापडला. पण नाही. "आंबा देवगडचाच हाय. पेटी भरणारा गडी कानडी पेपर वाचत असंल. वाचू नये काय त्यानं?" अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. 'फसलो' हा शब्द त्यांच्या तोंडून एकदा तरी ऐकावा म्हणून काकी लग्न झाल्यापासून वाट बघत होत्या, आणि आता तर त्यांची नातवंडं शाळेत जायला लागली होती.

मालक अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत, आणि भुवयांवर कायम पीठ. आयुष्य गिरणीच्या आवाजात गेल्यामुळं ते गिरणी बंद असतानाही ओरडूनच बोलत. एखादी गुप्त गोष्ट सांगायची असली की जवळ येऊन ओरडत. मी तिथं इतकी वर्षं राहिलो, त्यांच्या नातवाच्या बारशाला पेढे वाटले, पण मी शेवटपर्यंत 'पावणं'च राहिलो. भाडं घेतानाही ते "पावणं, जेवून जावा की" असं म्हणत आणि भाडं मोजून घेत.

या माणसाला कुणीतरी फोनवर ऑनलाइन लिलाव दाखवला. जुनी नाणी, जुने दिवे, असल्या गोष्टींचे लिलाव चालतात तसाच एक गुन्हेगारांच्या वस्तूंचा लिलाव. अमक्या दरोडेखोराचा फेटा, तमक्या खुन्याचं तुरुंगातलं अ‍ॅल्युमिनियमचं ताट. मालकांना जणू आपण कशासाठी जन्माला आलो ते कळलं. गिरणीच्या मागं पोती ठेवायची खोली होती, ती पोती जिन्यात आली आणि खोलीत काचेची कपाटं आली. एका नळीत विडीचं थोटूक होतं. एका डबीत मिशी विंचरायची फणी होती. आणि प्रत्येक वस्तूशेजारी चौकटीत लावलेलं प्रमाणपत्र, सोनेरी शिक्का मारलेलं, वस्तूपेक्षा दुप्पट मोठं. विडीच्या थोटकाला तर प्रमाणपत्राच्या आड शोधावं लागे.

"मालक, सगळ्या प्रमाणपत्रांवर सही एकाच माणसाची आहे," मी एकदा म्हणालो. "हा दरोडेखोर नागपूरकडचा, तो चोर बेळगावचा, आणि सही एकच."

"मोठा माणूस दिसतोय," मालक ओरडले. "समदीकडं वळख हाय."

काकी त्या खोलीला 'चोरांची खोली' म्हणत आणि झाडायला जात नसत. "माझ्या घरात खुन्याचं ताट! आणि पावणं आल्यावर बसायला पाट न्हाय," असं त्या पोळपाटाला सांगत.

पण मालकांचा जीव खरा एकाच माणसावर होता. पाखऱ्यावर. पाखऱ्या म्हणजे त्यांच्या लहानपणचा नामांकित घरफोड्या. दाराच्या वाटेला तो जात नसे. वरून कौलं काढून उतरायचा आणि तसाच वर निघून जायचा, म्हणून पाखऱ्या. पेठेत त्या काळी ज्याच्या घरी पाखऱ्या येऊन गेला, त्याची ऐट वाढायची. लोक मुद्दाम सकाळी कौलांकडं बोट दाखवत रस्त्यात उभे राहायचे. पुढं पुढं तर ज्यांच्याकडं पत्रा होता तेही पाखऱ्यानं लुटलं म्हणून सांगायला लागले. सगळ्या गल्लीत एकच घर असं राहिलं की जिथं पाखऱ्या आला नाही. ते मालकांचं. "गिरणीवाल्याकडं काय हाय न्यायला? भुसा?" असं लोक त्यांच्या वडिलांना तोंडावर म्हणत. मालक हे सांगताना हसत, पण त्यांच्या त्या हसण्यात मला कधी मजा दिसली नाही. आज इतक्या वर्षांनी ते पाखऱ्याची एकेक वस्तू घरात आणत होते, त्याचं कारण मला वाटतं हेच होतं. पाखऱ्या आला नाही, तर निदान त्याचं सामान तरी यावं.

कौलं उचकटायची त्याची कटावणी आली. त्याचा कंदील आला. मग त्याची चप्पल आली, आणि ती आली त्या संध्याकाळी गिरणीत मोठी सभा भरली. चप्पल झकास होती. जाड तळाची, कातडी गोंड्याची, आणि पाऊल टाकलं की करकर वाजणारी. आमच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद दळण न्यायला आले होते. त्यांनी चप्पल घालून गिरणीत एक फेरी मारली आणि म्हणाले, "मालक, ह्यो चोर हुता का वरातीतला घोडा? ही घालून निघाला तर चार गल्ल्या जाग्या व्हत्यात की!"

मालकांनी चपलेकडं निरखून बघितलं. मला वाटलं, सापडले. मग ते वस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वस्ताद, चोर झाला म्हणून काय कोल्हापुरी न्हवता व्हय? रुबाब नको?"

वस्तादांनी ती चप्पल उतरवली आणि आपली पायात सरकवली. वस्ताद स्वतः करकर वाजणाऱ्या चपलेतच आले होते.

मग कोयता निघाला. लिलावाच्या पानावर त्याचा फोटो, पात्यावर काळसर डाग, आणि खाली मजकूर, की याच कोयत्यानं कुख्यात पाखऱ्यानं एका पहारेकऱ्याचा मुडदा पाडला आणि पुढं तो स्वतः जंगलात पोलिसांच्या गोळीला बळी पडला. पाखऱ्यानं कुणाला मारल्याचं पेठेत कुणीही कधी ऐकलं नव्हतं. मालक म्हणाले, "मारून सांगत हिंडंल काय?"

बोली लावायचं काम माझ्याकडं असे, कारण मालकांची बोटं पिठाची आणि फोनला ती कळत नसत. संध्याकाळची वेळ, गिरणी बंद करून ठेवलेली, डबे घेऊन आलेल्या बायका खोळंबलेल्या.

"मालक, दळण कवा व्हायचं?" एकीनं विचारलं.

"बाई, हितं खुनाचा कोयता चाललाय हातातनं, आणि तुला ज्वारीची पडलीया?"

ती बाई डबा खाली ठेवून फोनमध्ये डोकावली. मग दुसरी डोकावली. पलीकडून कुणीतरी 'शिकारी' नावाचा बोली वाढवत होता. आम्ही वाढवली की लगेच तो वाढवायचा. थोड्याच वेळात सगळा महिला वर्ग माझ्या पाठीवर आला. "लावा की ओ पावणं, बघतासा काय! आपली पेठ काय मागं सरायची हाय काय?" मी जरा थांबलो तर शिकारीही थांबला. मी वाढवली, तर त्यानंही वाढवली. शेवटी मी हळूच म्हणालो, "मालक, हा शिकारी आणि विकणारा एकच माणूस असेल. आपल्याला चढवतोय."

"आपलाच आपल्याशी कोण भांडतंय काय? रसिक हाय गडी. लावा."

मी लावली. शिकारीनं तेवढ्यात माघार घेतली. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मालकांनी आनंदाच्या भरात त्या दिवशी सगळ्यांचं दळण फुकट दळून दिलं. आत काकींच्या हातून एक पातेलं जरा जोरात आपटलं गेलं.

गणपतीत तालमीच्या पोरांनी मालकांकडून कोयता मागून नेला. देखाव्याचा विषय होता, वाईटाचा शेवट वाईटच. मांडवात लाल मखमलीवर कोयता, वर बल्ब, शेजारी चौकटीतलं प्रमाणपत्र आणि पाटी, 'पाखऱ्याचा रक्ताळलेला अस्सल कोयता. सौजन्य, गिरणीवाले मालक.' गणपतीला हात जोडून झाले की लोक कोयत्याबरोबर फोटो काढत होते. मालक मांडवात खुर्ची टाकून बसत आणि कुणी विचारलं नाही तरी माहिती ओरडत. ते फोटो या फोनवरून त्या फोनवर गेले, आणि फोनला काही गावाची वेस नसते.

विसर्जन होऊन थोडे दिवस झाले असतील. सुट्टीचा दिवस होता. लाईट गेली होती म्हणून गिरणी बंद होती आणि मी मालकांबरोबर दारात बसलो होतो. एक अगदी लहानखुरा म्हातारा आला. धोतर, पांढरी टोपी, काखेत छत्री.

"पाखऱ्याचं सामान हितंच हाय न्हवं?"

"या की पावणं, या!" मालक आनंदानं उठले. "चपला भाईर काढा."

म्हातारा हात पाठीशी बांधून कपाटं बघत फिरला. चपलेपाशी वाकून त्यानं ती एका बोटानं दाबली. ती करकरली. म्हातारा तोंडाला उपरणं लावून हसायला लागला. मग तो कोयत्यापाशी आला आणि तिथं मात्र त्याचं हसू गेलं.

"ह्यातलं माझं काय बी न्हाय," तो म्हणाला.

"तुमचं कसं असंल? पाखऱ्याचं हाय."

"मीच त्यो."

मालकांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पाखऱ्या मेलाय," ते म्हणाले. "कागद हाय माझ्याकडं."

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं मला वाच म्हणून सांगितलं. तो कुठल्या जंगलात, कसा गोळी लागून मेला, हे मी त्याला प्रमाणपत्रातून वाचून दाखवलं. त्यानं ते सगळं टोपी सारखी करत लक्ष देऊन ऐकलं. "एवढ्या लांब मी कधी गेलोच न्हाय ओ," एवढंच म्हणाला.

"तुमीच पाखऱ्या कशावरनं?" मालक आता हट्टाला पेटले. "पुरावा काय?"

"पुरावा मागं ठिवला असता तर चोर कसला झालो असतो?"

मला हसू आवरेना. मालक मात्र हसले नाहीत आणि म्हाताराही हसला नाही. तो पोत्यावर टेकला आणि सांगायला लागला. तो नेसरीच्या बाजूचा. चोऱ्या केल्या, पकडला गेला, शिक्षा भोगली आणि गावी जाऊन शेती केली. आता नातीचं लग्न आजऱ्याच्या बाजूला ठरत आलं होतं. आपण चोर होतो हे त्यानं पावण्यांना आधीच सांगून टाकलं होतं. झाकून ठेवलेलं नंतर उघडं पडण्यापेक्षा बरं म्हणून. "ते म्हणालं, भोगून आलाय, चालतंय. पोरगी चांगली हाय. आणि मग त्यांच्या पोराच्या फोनमधी तुमचा ह्यो कोयता आला. चोराची नात चालतीया, खुन्याची कशी चालंल? उद्याच्याला बोलावलंय त्यांनी. मोडायलाच बोलावलंय. तुमी फकस्त येऊन एवढं सांगा, की ह्यो कोयता खोटा हाय. तुमच्या नावाची पाटी हाय त्यावर. माझं कोण ऐकणार?"

मालक पात्याकडं बघत राहिले. मला त्यांच्या मनातलं जणू ऐकू येत होतं. कोयता खोटा म्हटलं की प्रमाणपत्र खोटं. ते खोटं म्हटलं की सगळी प्रमाणपत्रं खोटी, कारण सही एकच. आणि मांडवात बसून त्यांनीच सगळ्या पेठेला ओरडून सांगितलं होतं.

मग त्यांनी भलतंच विचारलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "तुमी पाखऱ्याच असला, तर एक सांगा. समद्या पेठेत गेलासा. आमच्याच घरात का आला न्हाईसा?"

"आलतो की," म्हातारा म्हणाला. "गिरणी म्हणजे गल्ला असणार म्हणून आलतो. कौल काढलं, डोकं आत घातलं, आणि ते पीठ! नाकात गेलं ओ समदं. दाबायला बघितलं, पर अशी शिंक आली की बोलायचं काम न्हाय. तुमचा बाप जागा झाला, 'कोण हाय रं तिकडं' म्हणाला. मी जे पळालो ते रंकाळ्यापतोर शिंकतच."

मालक पोत्यावर बसले. मग ते माझ्याकडं वळले. "पावणं, बाबा सांगायचे. मरेपतोर सांगायचे. म्हणायचे, पाखऱ्या आपल्याकडं बी आलता, वर शिंकला, मी ऐकलं. लोकं हसायची. म्हणायची, चोर कधी शिंकतोय काय? आणि मी बी हसायचो. माझ्या बायकोला सुदिक कधी सांगिटलं न्हाय मी हे, लाजंनं."

त्यांनी पिठाच्या हातानंच डोळे पुसले आणि तोंड पांढरं करून घेतलं. मग म्हाताऱ्याला म्हणाले, "उद्या येतो. पर मी काय सांगायचं ते माझं मी ठरीवणार."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो. मालक, मी, आणि टॉवेलात गुंडाळलेला कोयता. मला साक्षीदार म्हणून घेतलं होतं. टॉवेलातून टोक बाहेर आलं होतं. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?" मालक सवयीनं ओरडले, "खुनाचा कोयता!" मागची दोन बाकडी रिकामी झाली आणि आम्हाला पाय पसरून बसायला मिळालं. वाटेत त्यांनी मला त्यांचा बेत सांगितला. विकणाऱ्याची नजरचूक झाली, दुसऱ्याच कुणा पाखऱ्याचा कोयता या म्हाताऱ्याच्या नावावर लागला, असं म्हणायचं. म्हणजे कोयता खरा, कागद खरा, माणूस तेवढा वेगळा. "कुणाचंच काय बिघडत न्हाय," ते म्हणाले. त्यांचं काही बिघडत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. मला रागच आला, पण मी खिडकीबाहेर बघत बसलो.

आजऱ्याच्या अलीकडच्या त्या घरी सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, माणसं भरून बसली होती. नवऱ्या मुलाचा चुलता मधोमध. म्हातारा आणि त्याचा मुलगा एका कडेला. चहाचे कप सगळ्यांपुढं ठेवले होते आणि कुणी उचलत नव्हतं. बोलणं व्हायच्या आत चहा घेतला म्हणजे होकारच धरतात, म्हणून त्यावर साय धरली होती. मुलगा, म्हणजे ज्याचं लग्न, तो खांबाला टेकून मान खाली घालून उभा होता. त्याला ती मुलगी हवी होती, हे माझ्यासारख्या परक्यालाही दिसत होतं.

मालकांनी कोयता पुढं ठेवला आणि नजरचुकीचं भाषण सुरू केलं. चुलत्यानं ते पुरतं ऐकून घेतलं. मग फोनवरचा फोटो पुढं केला. "ह्यो कागद तुमच्याच भिंतीवरचा न्हवं?"

"व्हय."

"कागद खरा?"

मालकांनी घसा खाकरला. "कागद… कागद खराच. पर नावात जरा…"

"कागद खरा, त्यावर नाव पाखऱ्याचं, वस्तू तुमी इकत आणलीया. मग राहिलं काय? का तुमाला कुणी फसवलंय?"

"आमाला?" मालक सवयीनं ताठ झाले. "आमाला कोण फसवतंय?"

"मग झालं तर," चुलता म्हणाला.

म्हातारा उठला. त्यानं टोपी सारखी केली, छत्री काखेत घेतली आणि मुलाला चल म्हणून खूण केली. खांबापाशी उभ्या मुलानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी मालकांकडं बघितलं. त्यांनी कोयता टॉवेलात गुंडाळायला घेतला आणि परत खाली ठेवला.

"बसा," मालक ओरडले. गोठ्यातली म्हैस रेकली, इतक्या जोरात. "बसा म्हणतोय न्हवं! कागद खोटा हाय. कोयता खोटा हाय. मी फसलोय."

खांबापाशच्या मुलानं तोंड परत इकडं वळवलं. आणि एकदा तोंड उघडल्यावर मालकांना ते मिटता येईना.

"कोयत्यातच न्हाय, समद्यात फसलोय. कटावणी खोटी, कंदील खोटा. चप्पल तर वाजती ओ! पोराला कळंल ते मला कळलं न्हाय. आंबं देवगडचं न्हवतं. कलिंगड पांढरं निघालंतं, आणि पित्ताला काय बी चांगलं नसतंय ते, मला दोन दिवस पोटात कळा येत हुत्या!"

कलिंगडाचं काय ते कुणालाच कळलं नाही, पण माणूस खरं बोलतोय याबद्दल आता कुणाला शंका उरली नव्हती. मालकांनी म्हाताऱ्याकडं बोट केलं. "ह्या माणसाचं म्हणून कपाटं भरून सामान आणलं मी, आणि एक बी खरं न्हाय. खरा निघाला त्यो हा एकटा. आणि ह्याच्याकडं कागद न्हाय. माझ्या जबानीवर विश्वास ठेवा, न्हाईतर ठेवू नगासा, पर पोरीचं लग्न माझ्या येडेपणानं मोडू नका."

कोपऱ्यात मुलाची आजी बसली होती. तिनं सरकत येऊन कोयता उचलला आणि पात्यावरून अंगठा फिरवला. मग तो सगळ्यांना दाखवला. "अरं, ह्याला कधी धारच लावली न्हाय. ह्यानं माणूस काय, केळ बी कापायचं न्हाय." ऊस तोडणाऱ्या घरातली माणसं ती. एकेकानं कोयता हातात घेतला, अंगठा फिरवला आणि मान डोलावली. इतके दिवस मालकांनी तो काचेतून बघितला होता आणि प्रमाणपत्र मात्र रोज पुसलं होतं.

आजीनं चुलत्याकडं न बघताच पुढ्यातला कप उचलला, बोटानं साय बाजूला केली आणि चहा प्यायली. मग चुलता प्यायला. मग सगळ्यांनी गार चहा प्यायला. म्हाताऱ्यानं कप दोन्ही हातांनी धरून शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. मालकांच्या डोळ्यांकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

येताना एसटीत मालक खिडकीबाहेर बघत बसले. घरी पोचलो तेव्हा दळणाला आलेल्या बायका ताटकळल्या होत्या. ते तडक गिरणीत गेले आणि पट्टा चालू केला. काकींनी मला दारातच गाठून आत नेलं.

"काय झालं?"

"जमलं काकी. लग्न ठरलं."

"कसं जमलं? काय म्हणाले हे?"

"फसलो म्हणाले."

काकींच्या हातात पिठाचा गोळा होता, तो तसाच राहिला. "कोण म्हणालं?"

"मालक. सगळ्यांसमोर. मोठ्यांदा."

"खरं सांगतासा? परत सांगा. त्यांच्या आवाजात सांगा."

मी मालकांसारखा ओरडून, सगळं पहिल्यापासून सांगितलं. कोयता, कटावणी, चप्पल, आंबे. वडिलांनी ऐकलेली ती शिंकसुद्धा सांगितली. मला वाटलं होतं काकी हसतील, टाळी देतील, निदान पोळपाटाला तरी काही सांगतील. इतक्या वर्षांचं त्यांचं मागणं होतं ते. पण त्यांनी पिठाचा गोळा खाली ठेवला आणि पदरानं हात पुसत गिरणीच्या दाराकडं बघत उभ्या राहिल्या.

"लई लागलं असंल हो त्यांना," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला वळल्या.